भिंती हलतील हो, पण संडास हलेल का?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही दोघंही घरूनच काम करतो. दोन बेडरूमचा फ्लॅट बघतोय आणि बिल्डर म्हणतोय हा 'फ्लेक्सिबल' फ्लॅट आहे, सरकत्या भिंती देतो, दिवसा ऑफिस रात्री बेडरूम. हे खरंच चालतं का?

उत्तर : चालतं, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही. सरकत्या भिंती काही नवीन नाहीत, नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला रीटव्हेल्ड नावाच्या आर्किटेक्टने १९२४ मधे एक घर बांधलं त्याचा अख्खा वरचा मजला सरकत्या पार्टिशन्सचा आहे, उघडलं की एक मोठी खोली, बंद केलं की वेगवेगळ्या. दिसतं झकास. पण सरकत्या भिंतीला खाली-वर फट राहतेच आणि तिथून आवाज जातो, म्हणजे एकाची मीटिंग चालू असली की दुसऱ्याला ती फुकटात ऐकायला मिळणार. दोघं घरून काम करणार असाल तर मी म्हणेन सरकत्या भिंती एक कमी घ्या पण एक छोटी खोली अशी घ्या जिला नीट दार आहे, स्वतःची खिडकी आहे आणि जिची भिंत फॉल्स सीलिंगपाशी न थांबता वर स्लॅबला टेकलीये. (फोल्डिंग बेडचा मोह मलाही झाला होता, पहिला महिना रोज सकाळी दुमडला, नंतर तो कायमचा उघडाच.)

खरी गंमत जे हलत नाही त्यात आहे. कॉलम कुठे, पाण्याचे पाइप ज्या डक्टमधून जातात तो कुठे, खिडक्या कुठे आणि मेन दार कुठे, एवढं प्लॅनवर बघा, कारण संडास-बाथरूम आणि किचन त्या डक्टला बांधलेलं असतं आणि बाकीचं घर त्यांच्या भोवती फिरतं. डक्ट कडेला असेल तर मधली जागा मोकळी, डक्ट बरोबर मधोमध असेल तर कितीही भिंती सरकवा, घर तसंच राहणार. आणि एक विचाराच, आतल्या भिंती विटांच्या की काँक्रीटच्या? अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कमधे, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या बिल्डिंगमधे आतल्या भिंतीही बऱ्याचदा काँक्रीटच्या असतात आणि वजन त्यांच्यावरच असतं, तिथे दहा वर्षांनी 'ही भिंत काढू या' हा विषयच नाही.

जॉन हाब्राकेन नावाच्या डच आर्किटेक्टने १९६१ मधेच हे मांडलं होतं, सांगाडा सगळ्यांचा आणि टिकाऊ, आतली मांडणी राहणाऱ्याची आणि बदलती. जपानमधे ओसाकाला १९९३ मधे 'नेक्स्ट २१' नावाची १८ घरांची बिल्डिंग याच विचाराने बांधली, नंतर तिथली काही घरं आतून पार बदलली, सांगाडा मात्र तोच.

प्रश्न : शहरात ऑफिसच्या बिल्डिंगा रिकाम्या आणि लोकांना घरं नाहीत. सरळ ऑफिसची घरं का करत नाहीत?

उत्तर : करतात की, पण सगळ्यांची होत नाहीत. काचेच्या मोठ्या ऑफिसमधे खिडकीपासून लिफ्टपर्यंत सहज १२ मीटर अंतर असतं आणि दिवसाचा उजेड नीट पोचतो तो जेमतेम ६-७ मीटर, मग मधल्या पट्ट्यात बिनखिडकीची बेडरूम देणार का कोणाला? काचा बऱ्याचदा उघडत नाहीत. आणि परत तेच, संडास! ऑफिसमधे ते सगळे लिफ्टपाशी एकत्र, घरात प्रत्येकाला आपापला हवा, पाइपला ढाळ लागतो, १:८० धरला तर ८ मीटर लांब पाइप शेवटी १० सेंमी खाली उतरतो, मधे बीम आला की संपलं. त्यापेक्षा एसी यायच्या आधीची जुनी ऑफिसं सोपी, कारण ती खिडकीच्या उजेडावर चालायची म्हणून मुळातच अरुंद.

नवीन बांधताना मात्र हा घोळ टाळता येतो. घराला मजल्याची उंची साधारण ३ मीटर पुरते, ऑफिसला पाइप-वायरी धरून जास्त लागते, ती आधीच ३.६ च्या आसपास ठेवली आणि डक्ट एकाच ठिकाणी न कोंबता तीन-चार जागी दिले तर तोच मजला दोन्हीला चालतो. सुरुवातीला खर्च वाढतो हे खरंय, म्हणूनच विकून मोकळा होणारा बिल्डर ते करत नाही, वापरायला स्वतःकडे ठेवणारा करतो.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काढून बदलता येतील अशी कॅप्सूल घरं हा गर्दीच्या शहरावर उपाय नाही का?

उत्तर : टोकियोत कुरोकावा या आर्किटेक्टने १९७२ मधे नाकागिन टॉवर बांधला, १४० कॅप्सूल म्हणजे एकेका खोलीएवढे तयार डबे, दर २५ वर्षांनी बदलायच्या असा बेत. एकही बदलली गेली नाही आणि २०२२ मधे अख्खी बिल्डिंग उतरवली. मालक वेगवेगळे, एकमत होईना, वर एक कॅप्सूल काढायची तर तिच्या वरच्या आधी काढाव्या लागणार. तू मॉडेल करशील तेव्हा मधला एक डबा ओढून बघ, वरचे न हलवता निघाला तर मला फोटो पाठव.