जुन्या लेन्सचे फोटो धुरकट येतात, आत काय बिघडलंय कसं ओळखायचं?

तुम्ही म्हणता की जुनी ५० एमएम लेन्स बाहेरून लख्ख आहे, तरी फोटोवर पांढुरकी झाक येते. मग दोष बहुतेक आतच. पण स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा, आधी टॉर्च घ्या.

दोन्ही झाकणं काढा, अपर्चर, म्हणजे आतल्या पात्यांचं लहानमोठं होणारं छिद्र, पूर्ण उघडा (काही लेन्सना मागची पिन दाबून धरावी लागते) आणि अंधाऱ्या खोलीत मागून तिरपा प्रकाश टाका. थेट प्रकाशझोतात नवी कोरी लेन्ससुद्धा कचऱ्याने भरलेली दिसते. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, त्यांनी फोटो बिघडत नाही.

कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फाटे फुटलेले तंतू दिसले तर बुरशी. ती पुसता येते, पण तिने काचेवरचं पातळ कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतात. काचेवर श्वास सोडल्यासारखा एकसारखा दुधी थर असेल, तर बहुधा लेन्सच्या फिरत्या भागांना लावलेल्या ग्रीसमधलं तेल उडून काचेवर बसलंय. अपर्चरच्या पात्या तेलकट दिसल्या की शंका आणखी पक्की.

तिसरा प्रकार फसवा. बऱ्याच जुन्या लेन्समध्ये काही भिंगं एकमेकांना कॅनडा बाल्समने, म्हणजे झाडाच्या डिंकाने, चिकटवलेली असतात. तो जोड सुटला की कडेला चंदेरी किंवा इंद्रधनुषी डाग दिसतात. मी एकदा असाच डाग धुरकटपणा समजून मागचा गट (मागच्या बाजूची भिंगं) उघडला. काच दोन्ही बाजूंनी पुसली, डाग जागचा हलेना. हलणार कसा, तो दोन काचांच्या मधोमध होता! वर एका स्क्रूचं डोकं खराब केलं ते वेगळंच.

डाग समोरून खोल आणि मागून जवळ वाटला तर तो मागच्या गटात, उलट असेल तर पुढच्या.

आता दिवा चौकटीच्या जरा बाहेर ठेवून दोन फोटो काढा, एक पूर्ण उघड्या अपर्चरवर, दुसरा एफ ८ वर, म्हणजे अपर्चर बरंच लहान करून. दोष अपर्चरजवळच्या भिंगाच्या कडेला असेल तर दुसऱ्यात तो बराच झाकला जातो. दुधी थर मात्र मध्यभागीही असल्यामुळे दोन्हींत दिसतो. तुमच्या वर्णनावरून मला तोच वाटतोय, आणि तिघांत साफ करायला सोपाही तोच.