‘तो काही रचतच नाही, नुसता पाडतो’

बावीस महिन्यांच्या मुलाला घेऊन आलेल्या एका आईची काळजी अशी होती, की रोज बाहेर नेऊन, काटक्या, दगड, पाने जमवून, स्वतः छोटेसे घर रचून दाखवले, तरी तो ते एका फटक्यात पाडतो. दगड बादलीत भरतो, ओततो आणि पुन्हा भरत बसतो. ‘त्याचे कशातच लक्ष लागत नाही, त्याच्यात काही उणीव असेल का?’ असे विचारताना तिचा गळा दाटून आला होता.

तो हाकेला वळून पाहत होता, हवी ती वस्तू बोटाने दाखवत होता आणि त्याचे शब्द वाढत होते. यांपैकी काही दिसले नसते, किंवा पूर्वी येणारे काही मागे पडले असते, तर मी त्यांना विनाविलंब बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले असते.

दीड वर्षाच्या सुमारास मूल दोन-तीन ठोकळे एकावर एक ठेवते, दोन वर्षांच्या आसपास साधारण सहा; आणि तेही सपाट ठोकळे, वेडेवाकडे दगड नव्हेत. त्याआधी, आणि त्यानंतरही बराच काळ, भरणे, ओतणे, ओढून नेणे आणि पाडणे यांतूनच वजन, तोल, आत-बाहेर यांची ओळख हातांना होत असते. काटक्यांचे घर आईला हवे होते, मुलाला नव्हे, हे मी तिला शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले.

मग तिला एकच काम दिले: रोज वीस मिनिटे त्याच्याजवळ बसायचे, खेळात हात घालायचा नाही, जे दिसेल ते वहीत लिहायचे. सुरक्षेबाबत मात्र मी आग्रही होते. तोंडात जातील असे खडे आणि बिया आधीच उचलायच्या, आणि बादलीत थोडे जरी पाणी असले तरी वही बाजूला ठेवून हाताच्या अंतरावर राहायचे, कारण इतक्या लहान मुलाला बुडायला काही बोटे पाणी पुरते.

पुढच्या भेटीत तिने वही उघडली. झाडापासून पायरीपर्यंत अकरा फेऱ्या, प्रत्येक फेरीत एक दगड, सगळ्यांत मोठा दोन्ही हातांनी, वाटेत थांबून. ज्याचे लक्ष लागत नाही म्हणून ती आली होती, तो सतरा मिनिटे एकाच कामात होता.

तिसऱ्या आठवड्यातील नोंद मी तिच्या परवानगीने उतरवून घेतली: ‘दोन दगडांवर काटकी आडवी ठेवली. घसरली. पुन्हा ठेवली. राहिल्यावर माझ्याकडे पाहिले. मी फक्त “राहिली” म्हटले. मग त्याने ती पाडली आणि दुसरी, लांब काटकी शोधायला गेला.’