लंडनहून एका दिवसात जुनं इंग्लिश बाजाराचं गाव बघायचं असेल तर कुठं जावं?

तुमचा प्रश्न असा की आई-बाबा लंडनला आलेत, एक दिवस हाताशी आहे, टुरिस्टांच्या गर्दीचं ठिकाण नको, जुनं गाव दाखवायचंय आणि त्यांना फार चालवत नाही. मी म्हणेन डोळे झाकून सॅफ्रन वॉल्डनला न्या, फक्त मंगळवारी किंवा शनिवारी जा, कारण तेव्हाच मधल्या चौकात बाजार भरतो. एरवी गेलात तरी घरं छानच दिसतात, पण हे गाव वसलंय बाजारासाठी, तो भरलेला नसताना बघण्यात अर्धी गंमत जाते.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून केंब्रिजकडे जाणारी, ऑडली एंडला थांबणारी ट्रेन घ्या, साधारण तासाभराचा प्रवास. स्टेशन गावापासून तीनेक किलोमीटर लांब आहे, तेवढ्यासाठी बस किंवा टॅक्सी करा, आई-बाबांना चालवू नका.

बाजार केवढा जुना? 1141 मध्ये इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या सम्राज्ञी मॅटिल्डाने शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार इथं हलवायची परवानगी दिली, तेव्हापासूनचा. चौकात भाज्या, पाव, चीज, फुलं घ्या, गप्पा मारा, आणि मग चौकाला लागून ज्या अरुंद गल्ल्या आहेत ना, ‘द रोज’ (The Rows, म्हणजे दुकानांच्या रांगा) म्हणतात त्यांना, तिथं नक्की वळा. मध्ययुगात तिथं बाजाराच्या दिवसापुरते ठेले लागायचे, हळूहळू लोकांनी तिथंच पक्की दुकानं बांधली, वर राहायला खोल्या काढल्या, आणि ठेल्यांमधल्या वाटा तेवढ्या गल्ल्या म्हणून उरल्या. बुचर रो, मर्सर्स रो ही नावं अजून आहेत, आपल्या पुण्यात तांबट आळी, बुरुड आळी आहे तसंच. खालच्या काचा आजच्या दुकानांच्या असतात म्हणून मान वर करून बघा, लाकडी सांगाडे आणि रस्त्यावर पुढं आलेले मजले वरच दिसतात. मला विचाराल तर अख्ख्या गावात याच्याइतकं काही आवडत नाही.

चर्च स्ट्रीटवर ओल्ड सन इन नावाची जुनी इमारत आहे, तिच्या बाहेरच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात पानंफुलं, पक्षी, माणसं असं उठावाचं काम केलंय, 1676 सालचं. आई तिथं रेंगाळणार बघा.

आणि नावातलं सॅफ्रन म्हणजे आपलं केशर, खरंच! 16व्या-17व्या शतकात आसपासच्या शेतांत केशर पिकायचं, रंगाला, औषधाला, स्वयंपाकाला जायचं. फुलं शरद ऋतूत हातानं खुडायची, एका फुलातून तीनच काड्या, त्यामुळे भाव चांगला यायचा आणि गाव श्रीमंत झालं. लोकर आणि केशराच्या या पैशातून सेंट मेरीज चर्च पुन्हा बांधून काढलं, केंब्रिजच्या किंग्स कॉलेज चॅपलवर काम केलेले गवंडी आणून. कळस नंतरचा, 1832 चा, सगळा मिळून उंची 193 फूट. पुढं 18व्या शतकात केशर संपलं, मग बार्लीचा माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य) करून विकायचा धंदा वाढला. चौकातलं कॉर्न एक्स्चेंज धान्याच्या सौद्यांसाठी बांधलेलं, आता तिथं लायब्ररी आहे, आत जाऊन निवांत बसता येतं.

बाबांना दम असेल तर जेवणानंतर कॉमनवर, म्हणजे गावाच्या मोकळ्या सार्वजनिक मैदानावर न्या. तिथं हिरवळीत कोरलेला चक्रव्यूह आहे, अशा प्रकारचा इंग्लंडमधला सगळ्यात मोठा. भिंती नाहीत, वाट एकच, हरवायची भीती नाही, पण पूर्ण चालायचा म्हटलं तर दीडेक किलोमीटर होतं, तेव्हा काठावरून बघितला तरी चालेल.

ऑडली एंड हाऊस बरेच जण त्याच फेरीत उरकतात. मी तरी सुचवणार नाही, तो वाडा आणि बाग प्रचंड आहे, वयस्कर माणसं दमून जातात आणि गाव घाईत बघावं लागतं. सकाळी दहापर्यंत चौकात पोचा, दुपार उलटली की ठेलेवाले आवराआवर सुरू करतात.