माइनक्राफ्टमध्ये 4 ब्लॉकचा गॅप स्प्रिंट-जंपने, म्हणजे धावत मारलेल्या उडीने, पार होत नाही, दर वेळी पलीकडच्या काठाला आपटतो. गेमिंग कीबोर्ड घेऊ का?

नका घेऊ. हाच वाद इंदूरला रामबागेतल्या आमच्या मावसभावाशी दोन वर्षं चाललाय. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताखाता दादाचं एकच: "भिया, बटणं हलकी म्हणून उडी आखूड." उडीच्या लांबीचा बटणाच्या किमतीशी काडीचा संबंध नाही.

खेळ सेकंदाला 20 टिक, म्हणजे घड्याळाचे ठोके, मोजतो. खेळाडू 0.6 ब्लॉक रुंद आहे, म्हणजे मध्यबिंदू काठाबाहेर 0.3 गेला तरी पाय टिकतो. एफ3 दाबून पडद्यावर आपल्या जागेचे आकडे बघा. अलीकडचा ब्लॉक एक्स 100 ला संपत असेल तर 100.3 पर्यंत उभं राहता येतं. पलीकडचा 104 ला सुरू होतो, तिथे 103.7 गाठलं की उतरलात. म्हणजे तुमचा गॅप 4 चा नाहीच, 3.4 चा आहे.

आता दादाची उडी. हा गडी सरळ धावत येऊन काठावर स्पेस मारायचा. धावताना टिकला 0.28 ब्लॉक सरकतो. उडीच्या टिकला 0.2 चा धक्का जास्तीचा मिळतो, पण जमिनीचं घर्षण त्यातला निम्मा पुढच्याच टिकला खातं. बाराव्या टिकला खाली टेकायच्या आधी हातात पडतात सुमारे 3.34. कमीच! तरी उडी कधीकधी बसते, कारण ज्या टिकला तुम्ही काठावरून घसरता, त्या टिकला खेळ तुम्हाला अजून जमिनीवरच धरतो. ती एक टिक, म्हणजे 0.05 सेकंद, सापडली तर पार. एक आधी दाबलंत तर छाती काठावर, एक उशिरा तर सरळ खाली. दादा दहातून दोनदा पोचायचा आणि उरलेल्या आठांचा दोष कीबोर्डला.

उपाय म्हणजे काठाआधी एक उडी घ्या. हवेतून टेकताना वेग जवळजवळ शाबूत असतो, आणि त्याच टिकला पुन्हा उडालात तर घर्षणाला तो खायला वेळच मिळत नाही. मग 3.34 चे 3.84 होतात. पहिल्या उडीत साधारण 3.6 ब्लॉक जातात, म्हणून ती काठापासून चौथ्या ब्लॉकच्या मधोमध घ्यायची. वरच्या आकड्यांत 96.3 ते 96.9. एकाऐवजी दोन टिकांची सवड मिळते. दुसऱ्या उडीसाठी बोट उचलूच नका. धरून ठेवलेल्या स्पेसला दोन उड्यांमध्ये 10 टिकांचा थांबा आहे आणि उडी 12 टिकांची, त्यामुळे टेकताक्षणी ती आपोआप सुटते. मागे धावायला तीन-चार ब्लॉक ठेवा, म्हणजे पट्टा आठेक ब्लॉकचा झाला. दादाचा पट्टा तीन ब्लॉकचा होता. तिथे सोन्याचा कीबोर्ड आणला असता तरी काय होणार होतं?

डोक्यावर छत असेल तर जमिनीपासून 4 ब्लॉक मोकळे हवेत. उडी 1.25, खेळाडू 1.8, बेरीज 3.05. तीन ब्लॉकच्या छताला डोकं पुसटसं लागतं आणि एक टिक आधीच खाली येता. तेवढ्यात उडी आखूड होते. भुकेच्या पट्टीवर कोंबडीच्या तंगड्यांची चित्रं असतात, त्यातल्या तीनच उरल्या तर स्प्रिंट सुरूच होत नाही, हेही बघून घ्या. धावतानाची प्रत्येक उडी 0.2 दमणूक वाढवते आणि ती 4 भरली की एक पॉइंट जातो. म्हणजे आधीची सॅच्युरेशन, म्हणजे पट्टीत न दिसणारा पोटातला साठा, संपल्यावर नुसत्या उड्यांचं धरलं तरी 20 उड्यांना अर्धी तंगडी. सरावाला बसताना भाकरी, म्हणजे खेळातला ब्रेड, जवळ ठेवा.

हे सगळे आकडे संगणकावरच्या जावा आवृत्तीचे. फोनवर खेळत असाल तर गणित हेच धरू नका.

आणि दादाला एवढं द्यावंच लागेल: काही कीबोर्ड डब्ल्यू (पुढे चालणं), कंट्रोल (स्प्रिंट) आणि स्पेस (उडी) एकदम घेत नाहीत, तिसरं बटण गिळतात. तसं होत असेल तर सेटिंगमध्ये स्प्रिंट टॉगलवर टाका. मग दोनच बटणं उरतात, आणि दोन तर ऑफिसातला पिवळा पडलेला कीबोर्डसुद्धा घेतो.