रिसीव्हर घेताय? आधी हे बघा

म्हापशातल्या हॉलसाठी होम थिएटरचा रिसीव्हर (टीव्हीचा आवाज स्पीकरांना वाटून देणारा अॅम्प्लिफायर) कुठला घ्यावा, असं विचारलंत. तुमच्या हॉलला ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) पुरे, ७.२ च्या (सात स्पीकर, दोन सबवूफर) नादी लागू नका. खोक्यावरचे वॉट मनावर घेऊ नका, ते बरेचदा एक-दोन चॅनल (म्हणजे एक-दोनच स्पीकर) चालवूनच मोजलेले असतात. स्पीकर ४ ओहमचे (विजेला कमी अडवणारे, म्हणून रिसीव्हरवर जास्त भार टाकणारे) असतील तर रिसीव्हरला झेपतात का, हे मात्र विचारा.

टीव्हीची एचडीएमआय केबल दोन्हीकडे 'ईआर्क' (eARC, टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) लिहिलेल्या पोर्टातच घाला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर (टीव्हीनेच उलगडून दिलेला आवाज) राहिला तर बरेचदा पाचांतले दोनच स्पीकर बोलतात, तिथे 'बिटस्ट्रीम' (आवाज न उलगडता रिसीव्हरकडे) करा.

स्पीकरच्या वायरीची टोकं नीट पिळा. तांब्याची एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. आपल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं, तेव्हा बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या पिना) बरे. आणि पावसाळ्यात आभाळ भरून आलं की गडगडायच्या आधीच भिंतीतला प्लग काढा, डिशची वायरसुद्धा!