वाचकांचे प्रश्न: जन्म तिथला, पासपोर्ट तिथला, तरी परका?

प्रश्न: माझी धाकटी बहीण बरीच वर्षं लंडनजवळ हॅरोला असते. भाचा तिथंच जन्मला, तिथंच शिकला, मराठी मोडकंतोडकं. ऑफिसात कुणीतरी त्याला तू कुठला विचारलं, तो म्हणाला हॅरोचा, तर "ते नाही रे, खरा कुठला?" असं परत विचारलं, आणि पोराला ते फार लागलं. बहिणीचे मिस्टर म्हणतात आपण त्यांच्या देशात पाहुणे, ऐकून घ्यायचं. वर म्हणतात ऋषी सुनक पंतप्रधान झाला, आता वर्णभेद उरलाय कुठे. मला दोन्ही पटत नाही पण बोलायला गेलं की मुद्दा सुचत नाही.
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर: ताई, पाहुणे म्हणून गेलो ही समजूत आपल्याच लोकांमधे इतकी घट्ट बसलीये की आधी तिच्यावरच बोलते. 1948 साली ब्रिटनच्या पार्लमेंटने स्वतः कायदा करून ब्रिटन आणि वसाहती मिळून एकच नागरिकत्व ठरवलं, म्हणजे जमैकातला सुतार आणि लंडनचा सुतार कायद्यापुढे सारखेच, आणि भारतासारख्या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांतल्या लोकांनाही तिथं जाऊन राहायची, काम करायची मोकळीक होती. युद्धानंतर तिकडे माणसं कमी पडत होती. बसवर कंडक्टर हवे, हॉस्पिटलात नर्स हव्या, गिरण्यांमधे रात्रपाळीला कामगार हवे. लंडन ट्रान्सपोर्टने तर 1956 पासून थेट बार्बाडोसला जाऊन भरती केली. हे लोक हक्काने गेले होते, कुणाच्या उपकारावर नाही.

पुढे तो हक्क टप्प्याटप्प्याने काढून घेतला गेला. 1962 मधे कॉमनवेल्थच्या, म्हणजे ब्रिटनच्या आजी-माजी वसाहतींच्या, लोकांना कामाच्या व्हाउचरची (सरकारी परवान्याची) अट आली. 1968 चं प्रकरण मात्र प्रत्येक भारतीयाला माहीत असायला हवं असं मला वाटतं. केनियातले हजारो भारतीय वंशाचे लोक, हातात रीतसर ब्रिटिश पासपोर्ट, तिथं राहणं अवघड झालं म्हणून ब्रिटनला यायला निघाले, तर पार्लमेंटने तीन दिवसांत कायदा पास केला की नुसता पासपोर्ट चालणार नाही, तुमचे स्वतःचे, आईवडलांचे किंवा आजीआजोबांपैकी कुणाचे तरी ब्रिटनशी जन्माचे किंवा तिथंच घेतलेल्या नागरिकत्वाचे धागे पाहिजेत. आता ब्रिटनमधे जन्मलेली आजी कुणाला असणार? केनियातल्या गोऱ्या मळेवाल्याला असणार, नैरोबीतल्या गुजराती दुकानदाराला नाही. कायद्यात रंगाचा एक शब्द नाही, पण चाळणी बरोबर लागली. युरोपियन मानवी हक्क आयोगानेही 1973 मधे म्हटलं की हा वंशावरून केलेला भेदभाव आहे आणि माणसाचा अपमान करणारा आहे. त्यानंतर 1981 चा कायदा आला आणि 1 जानेवारी 1983 पासून नुसतं ब्रिटनमधे जन्मून नागरिक होणं बंद झालं, आईवडलांपैकी एकजण तरी नागरिक किंवा कायमचा रहिवासी पाहिजे.

मग विंडरश प्रकरण (कॅरिबियन लोकांना घेऊन आलेल्या एका बोटीवरून पडलेलं नाव), जे 2018 ला बाहेर आलं. कॅरिबियनमधून लहानपणी आईवडलांबरोबर आलेली माणसं, शाळा तिथं, नोकरी तिथं, चाळीस चाळीस वर्षं टॅक्स भरलेला, आणि म्हातारपणी सरकार म्हणतं तुम्ही इथले आहात याचा पुरावा दाखवा, वर्षावर्षाची कागदपत्रं आणा. ते आले तेव्हाची बोटीवरून उतरतानाची कार्डं होम ऑफिसनेच (तिकडच्या गृहखात्याने) 2010 मधे नष्ट केली होती. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, घरं गेली, कॅन्सरचे उपचार अडले, काहींना देशाबाहेर पाठवलं. गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. मला या प्रकरणाचा आजही राग येतो, कारण या माणसांनी कुठलाच नियम मोडला नव्हता.

आता सुनक. ऑक्टोबर 2022 मधे तो पंतप्रधान झाला ही खरंच मोठी गोष्ट होती, ती मी कमी लेखणार नाही. पण साउदॅम्प्टनला जन्मलेला हा माणूस इंग्लिश म्हणवून घेऊ शकतो का यावर 2025 मधे तिकडे जाहीर वाद झाला, देश चालवून झाल्यावर! त्या वादात सुएला ब्रेव्हरमन यांनी लिहिलं की त्या स्वतः ब्रिटिश आहेत, पण वंशाने इंग्लिश नाहीत. त्या लंडनला जन्मलेल्या, वडील गोवेकर वंशाचे, स्वतः गृहमंत्री राहिलेल्या. तिथं जन्मून, सत्तेत बसूनही जर रक्ताचंच बघायचं तर तुमच्या भाच्याला तो प्रश्न का लागला हे मेहुण्यांनी समजून घ्यायला पाहिजे.

आणि त्यांना ऑगस्ट 2024 आठवायला सांगा. जुलैअखेर इंग्लंडमधल्या साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, खुनी मुसलमान निर्वासित आहे अशी खोटी बातमी पसरली (तो कार्डिफला जन्मलेला निघाला) आणि गावोगावी दंगली झाल्या. मिडल्सबरोमधे जमावाने गाड्या अडवून आतल्यांना गोरा आहेस का, इंग्लिश आहेस का असं विचारलं. तिथं कुणी हिंदू का मुसलमान, डॉक्टर का ड्रायव्हर असलं काही विचारत बसलं नव्हतं. आपण "चांगले" इमिग्रंट, बाकीचे वाईट, असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. त्याने आपलं काही वाचत नाही, आणि कॅरिबियन नाहीतर पाकिस्तानी शेजाऱ्यावर अन्याय होताना आपण गप बसतो ते वेगळंच.

भाच्याला सांगा, हॅरो हे उत्तर पूर्ण आहे. आईबाबा महाराष्ट्रातले हे त्याला आवडीने सांगायचं असेल तर जरूर सांगू दे, पण ते त्याच्या मर्जीने, कुणी खोदून विचारलं म्हणून नाही. क्रिकेटमधे तो भारताच्या बाजूने ओरडत असेल तरी हरकत नाही. 1990 मधे नॉर्मन टेबिट नावाच्या ब्रिटिश नेत्याने बाहेरून आलेले लोक कुठल्या संघाच्या बाजूने ओरडतात हीच निष्ठेची परीक्षा धरली होती, आणि निष्ठा अशी मोजतात हे मला कधीच पटलेलं नाही.

प्रश्न: आमच्या गावचे बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधे स्विंडनला गेलेत. ब्रेक्झिटनंतर त्यांचं काय?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: जे 31 डिसेंबर 2020 पर्यंत तिथं राहायला गेले त्यांच्यासाठी ईयू सेटलमेंट स्कीम (युरोपियन युनियनच्या नागरिकांना तिथं राहायचा हक्क देणारी योजना) होती, तिच्या अर्जाची नेहमीची मुदत जून 2021 मधे संपली. त्यानंतर गेलेल्यांना इतरांसारखाच व्हिसा लागतो, पोर्तुगीज पासपोर्टचा तिथं राहण्यासाठी आता उपयोग नाही. 19 डिसेंबर 1961 च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांनी अजून तो पासपोर्ट घ्यायचा विचार चालवला असेल तर एक लक्षात ठेवा, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढता येतं, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही. घरातल्या सगळ्यांनी बसून हे बोलून घ्या, मगच लिस्बनला कागद पाठवा.