स्वीडनमध्ये मूसच्या शिकारीला पहिल्यांदा जायचं तर काय तयारी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की उत्तर स्वीडनमधल्या उमेओला येऊन वर्ष झालं, ऑफिसातल्या माणसाने सप्टेंबरात मूसच्या, म्हणजे इथल्या प्रचंड मोठ्या हरणाच्या, शिकारीला बोलावलंय, बंदूक कधी हातात धरलेली नाही, आणि आपल्याकडे तर शिकारीला बंदीच. मग जावं का, आणि गेलं तर करायचं काय?

नक्की जा. पण त्याला आत्ताच विचारून ठेवा, ‘मांस कापायच्या दिवशीही येऊ का?’ बोलावणारे सहसा जंगलातल्या दिवसाचंच बोलतात. मला विचाराल तर शिकार समजते ती मांस टांगून कापतात त्या शेडमध्ये.

मी साताऱ्याची. चार वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांबरोबर पहिल्यांदा गेले. इथे उत्तरेत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी हंगाम सुरू होतो, दक्षिणेत ऑक्टोबरात. त्या आठवड्यात आमच्या भागातली निम्मी माणसं रजेवर असतात. बंदुकीचा विचार पहिल्या वर्षी करूच नका. स्वतःच्या रायफलीच्या परवान्यासाठी आधी शिकारीची परीक्षा द्यावी लागते, त्यात ८० मीटरवरच्या मूसच्या चित्रावर नेम धरायचा असतो, ते चित्र पळतं तेव्हासुद्धा. मी पहिल्या वर्षी नुसती आजोबांच्या शेजारी बसले.

बसायचं म्हणजे खरोखर बसायचं. सकाळी साडेसहाला टोळीचा प्रमुख सगळ्यांना उभं करून सांगतो, आज काय मारायचं, काय नाही. मादीबरोबर पिल्लू असेल तर मादीवर आधी गोळी झाडायची नाही, कारण आई गेली की पिल्लू मागे पोरकं राहतं. हे तो दर सकाळी नव्याने सांगायचा, वीस-वीस वर्षं येणाऱ्यांनाही. मग प्रत्येकजण आपापल्या ठिकाणी, कुणी लाकडी माचाणावर, कुणी दलदलीच्या कडेला. नारिंगी टोपी आणि जॅकेट घालाच. पहाटे तापमान शून्याखालीही जाऊ शकतं, म्हणून लोकरीचे दोन थर आणि बसायला जाड आसन न्याच. मूसची नजर यथातथा, पण कान आणि नाक फार तिखट. त्यामुळे वारा कुठून येतोय ते बघूनच जागा ठरते, आणि थर्मासचं झाकणसुद्धा हळू उघडायचं.

आपल्याकडच्या जुन्या पारधीत हाकारे ढोल-पत्रे वाजवत रान उठवायचे. इथे ते काम कुत्रा करतो. आमच्या टोळीत येम्टहुंड होता, करडा, शेपूट पाठीवर वळलेली. तो मोकळा सुटतो, मूस शोधतो आणि त्याला एका जागी थोपवून भुंकत राहतो. गळ्यातल्या जीपीएसमुळे तो कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. आम्ही पावणेतीन तास ते भुंकणं लांबून ऐकत होतो. मग एक गोळी, आणि शांतता.

लगेच कुणी धावत नाही. फुप्फुसात गोळी लागलेला मूससुद्धा थोडं अंतर पळतो, आणि मागे लागलं तर आणखी लांब जातो. जखमी जनावर हरवू नये म्हणून माग काढणारा कुत्रा दोन तासांत पोचेल अशी सोय ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आमचा नर साठ-सत्तर पावलांवर पडला होता. दीड वर्षाचा. मी जवळ गेले तेव्हा अंगातून वाफ निघत होती आणि पापण्यांवर बर्चचं एक पिवळं पान चिकटलं होतं. मला रडू आलं. कुणी काही बोललं नाही, आजोबांनी फक्त मागचा पाय माझ्या हातात दिला आणि म्हणाले, घट्ट धर.

तिथेच पोट उघडतात. अन्ननलिका आधी बांधून घ्यायची, आणि सुरी पोटाला किंवा मूत्राशयाला लागू द्यायची नाही, नाहीतर मांस नासतं. आंबलेल्या पाल्याचा वास येतो, घाण नाही येत. हृदय आणि कलेजी वेगळ्या पिशवीत घेतली, उरलेलं डोमकावळ्यांना आणि कोल्ह्यांना. मग ‘लोखंडी घोडा’ नावाच्या, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या यंत्रावर घालून बाहेर काढला. त्या ओल्या जमिनीत दुसरं काही चालत नाही.

शेडमध्ये कप्पीने उलटा टांगून सोलायचा. सोललेलं धड १३८ किलो भरलं. मग तो टांगूनच ठेवायचा, आणि किती दिवस, याचा हिशोब मला फार आवडतो: रोजचं सरासरी तापमान मिळवत जायचं, बेरीज ४० झाली की काढायचा. शेडमध्ये ५ अंश असेल तर आठ दिवस, ४ असेल तर दहा. फळ्यावर खडूने आकडे लिहिलेले असतात. घाई केलीत तर मांस चिवट राहतं.

कापायच्या दिवशी मला पांढरा पापुद्रा काढायचं काम दिलं. सुरी धारदार हवी, आणि धार लावायला लाजू नका. गोळीच्या जखमेभोवतीचं दहा सेंटिमीटर मांस निर्दयपणे काढून टाका, कारण शिशाचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. घरात लहान मुलं असतील तर यात अजिबात हयगय नको.

शेवटी टेबलावर वाटे लागले. आमच्या गावात जत्रेला मटणाचे वाटे लावतात ना, तस्सेच: प्रत्येकात थोडी मांडी, थोडा खांदा, थोडी नळी, थोडी बरगडी, आणि मग चिठ्ठ्या. ज्याने गोळी झाडली त्याला जास्त नाही. मी बंदुकीला हात लावला नव्हता, तरी माझ्या नावाची चिठ्ठी होती. १२ किलो आलं, आठवड्यात मारलेल्या तिन्ही जनावरांचं मिळून.

स्वयंपाकाबद्दल थोडं. मूसच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. मी मांडीचे तुकडे बोकडासारखे कुकरला लावून पाच शिट्ट्या केल्या, भुसा झाला. रश्श्यासाठी नळी आणि मान घ्या, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तीन तास, आणि वाटणात खोबरं सढळ हाताने. खिमा अप्रतिम होतो, तेल थोडं जास्त घाला. मांडीचा मोठा गोळा मात्र इथल्या पद्धतीने करा. गोठलेला तसाच ७५ अंशाच्या ओव्हनमध्ये रात्रभर, मग मिठाच्या पाण्यात पाच तास, मग पातळ काप. नाव शेलक्नोल. भाकरीबरोबरही छान लागतं.

आता दरवर्षी वाट्यांच्या दिवशी शेडमधल्या शेगडीवर दुपारचा रस्सा माझ्याकडे असतो. कांदा-लसूण मसाला आई पाठवते. आजोबा ब्रेड बुडवून दुसऱ्यांदा घेतात, आणि पापुद्रा काढायचं काम अजून माझंच आहे.